दोन गल्ल्यांचा पडदा

मी पडदा बोलतोय. खिडकीचा नव्हे, दाराचाही नव्हे, नाटकाचा. नाटकात मला एकही वाक्य नसतं, त्यामुळे बोलायची सवय नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा जन्म गिरणीतला. जाड वीण, गर्द मरून रंग. रंगवताना काहीतरी बिघडलं आणि माझ्या अंगावर एक फिकट पट्टा राहिला. म्हणून मला चांगल्या मालातून बाजूला काढलं. पुढची पाच वर्षं मी एका कापडाच्या दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर काढली. गिऱ्हाईक यायचं, बोटांनी चाचपायचं, पट्टा दिसला की सोडून द्यायचं. स्थळं येऊन परत जावीत, तशी माझी गत.

एक दिवस एक बाई आल्या. पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पुस्तकांची पिशवी. शाळेतली नोकरी सोडून त्या वस्तीतल्या मुलामुलींचं नाटक बसवायच्या.

"यात पट्टा आहे हो," दुकानदाराने आपणहून सांगितलं.

"असू दे. ज्या पोरांसाठी नेतेय, त्यांच्याही अंगावर पट्टे आहेत," बाई म्हणाल्या.

बाईंनी मला खालच्या गल्लीतल्या एका शिवणकाम करणाऱ्या आईकडे दिलं. नवरा गेल्यापासून तिने मशिनवर दोन मुलं वाढवली होती. मोठा मुलगा गॅरेजात कामाला. घरात सगळे त्याला दादाच म्हणायचे. धाकटी सतरा वर्षांची. अंगाने काडी आणि बोलण्याला टोक, म्हणून तिचं नाव पडलं होतं टाचणी.

आईने मला चार दिवस मांडीवर घेऊन शिवलं. माझं ओझं इतकं, की मशिनखाली सरकवायला टाचणीला दुसरं टोक उचलून धरावं लागे. धरता धरता तिची टकळी चालूच. बाई मला न्यायला आल्या तेव्हा आई म्हणाली, "बाई, हिलाही घेऊन जा. घरात बसून नुसती जीभ चालवते. तिकडे निदान कामाला येईल."

आईनेच तिला पाठवलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे आई स्वतः ते कधी विसरली नाही.

त्या वस्तीत दोन गल्ल्या होत्या, वरची आणि खालची. दोघींमध्ये एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना. भांडण कशावरून सुरू झालं म्हणाल, तर दहा जण दहा कारणं सांगतील. एवढं खरं, की एकीकडचं पोर दुसरीकडे एकटं जात नसे. गेलं तर धडपणे परत येईल याची खात्री नसे. बाईंनी त्या कारखान्याच्या वरचा हॉल मालकाकडून मागून घेतला होता. लोखंडी जिना, फुटक्या काचा, आणि टोकाला फळ्यांचा रंगमंच. तिथे मला टांगलं.

दाराबाहेर बाईंनी एक पत्र्याचा डबा ठेवला होता. खिशात जे असेल ते डब्यात, आणि मग आत. पहिल्या दिवशी डब्यात दोन चाकू आणि एक सायकलची चेन पडली. बाईंनी झाकण लावलं आणि म्हणाल्या, "जाताना ज्याचं त्याने न्या. चला, गोल करून बसा."

महिनाभरात डब्यात फक्त चणे-शेंगदाण्यांच्या पुड्या पडायला लागल्या. त्याही आत खाऊ नयेत म्हणून.

लोकांना वाटतं, नाटक पडद्याच्या पुढे होतं. निम्मं तर मागे होतं. आत जायच्या आधी पोरं मला घट्ट धरायची. हात बर्फासारखे. बाहेर छाती काढून फिरणारे पठ्ठे माझ्यामागे लटपटत उभे राहायचे. कुणी माझ्यात तोंड खुपसून रडून घ्यायचं आणि मग डोळे कोरडे करून पुढे जायचं. मी कुणाचं कुणाला सांगितलं नाही.

वरच्या गल्लीतला लंबू त्यांच्यातलाच. उंची अशी, की दारातून वाकूनच यायचा. चार वर्षांपूर्वी गल्ल्यांच्या हाणामारीत त्याचा थोरला भाऊ गेला होता. मारणारे खालच्या गल्लीचे. तरी तो आला, कारण बाई त्याच्या शाळेतल्या बाई. त्याची एक खोड होती. दुःखाचं वाक्य आलं की त्याला हसू फुटायचं.

"हसू आलं तर हस," बाई म्हणायच्या. "हसून झालं की वाक्य म्हण. आम्ही थांबतो."

आणि सगळे खरंच थांबायचे.

नाटक पोरांनी स्वतःच रचलं होतं. एका बहिणीचा भाऊ घर सोडून जातो, ती त्याला शोधत फिरते. बहीण टाचणी, भाऊ लंबू. शेवटी ती त्याला गाठते आणि म्हणते, "दादा, घरी चल." तिथे लंबू दोन महिने हसला. मग एका संध्याकाळी हसला नाही. वाक्य संपल्यावर तो माझ्यामागे आला आणि माझ्यात तोंड खुपसून बसला. टाचणीने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती गप्प राहिली. टाचणी गप्प राहिलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

गल्लीत कुजबूज सुरू झाली. खालची पोरगी, वरचा पोरगा, आणि वर अंधारा हॉल. लोकांना तेवढं पुरतं. दादाच्या कानावर गेलं. दादा वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. बहिणीला सायकल त्याने घेऊन दिली होती, तिची परीक्षा असली की तो रात्रपाळी बदलून घ्यायचा. एक दिवस तो जिना चढून आला, दाराशी उभा राहिला आणि शेवटचा प्रवेश पाहून गेला.

दुसऱ्या दिवशी टाचणी हसत हसत बाईंना सांगत होती, "आमचा दादा म्हणतो, त्याला दादा म्हणू नकोस. म्हटलं, अरे, नाटक आहे ते. तर जेवलाच नाही."

बाईंना हसू आलं. मलाही त्यात काही वाटलं नाही.

प्रयोगाला दोन दिवस होते. संध्याकाळचे साडेसहा. लंबू पाणी आणायला मागच्या अंगणातल्या नळावर गेला. टाचणी माझ्यामागे खिडकीशी वेणी घालत उभी होती. तिने सहज खाली पाहिलं. दादा कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडे उडी टाकत होता. हा इथे कशाला आला, एवढंच तिच्या मनात आलं असेल. तेवढ्यात खालून ओरडा झाला.

बाई धावल्या. खाली गाडी येईना, स्ट्रेचर नाही. कुणीतरी मला दोरीवरून ओढून काढलं. मला जमिनीवर पसरलं, पोटात चाकू लागलेल्या लंबूला माझ्यावर ठेवलं आणि माझी चार टोकं चौघांनी धरली. दोघं वरच्या गल्लीचे, दोघं खालच्या. टाचणी शेजारून धावत होती. लंबू शुद्धीवर होता. म्हणाला, "बाई, पडदा खराब होईल."

दवाखाना येण्याआधीच तो गेला.

लोक म्हणतात, झाल्या गोष्टीवर पडदा टाका. मला या बोलण्याची चीड आहे. मी त्याच्यावर नव्हतो. त्याच्या खाली होतो. त्याचं वजन मला ठाऊक आहे.

पोलीस आले. दोन्ही गल्ल्यांनी कानावर हात ठेवले. चौथ्या दिवशी बाईंनी मला आईकडे आणलं. "कुणाला धुवायला द्यायचा कळेना," त्या म्हणाल्या. "तुम्हीच शिवला होता."

आईने मला मिठाच्या गार पाण्यात भिजवलं. तीन पाणी बदलली. माझा रंगच असा, की डाग दिसत नाही. हात लावला तर तेवढा भाग कडक लागतो. तिने मला अंगणातल्या दोरीवर वाळत घातलं. दुपारी दादा जेवायला घरी आला. फाटकातून त्याने मला पाहिलं आणि तिथूनच मागे फिरला. संध्याकाळी आला, पुन्हा फिरला.

आई ओट्यावर बसून ते बघत होती. तिच्या हातातला साबण पडला. ती उचलायलाही वाकली नाही.

त्या रात्री तिने टाचणीला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. "तू काही पाहिलेलं नाहीस."

"पाहिलंय, आई."

"नाही पाहिलंस. मला दोनच मुलं आहेत."

तीन आठवडे टाचणीचं तोंड मिटलेलं होतं. मी घडी होऊन मशिनवर पडलो होतो. मग एका रविवारी आई बाजारात गेलेली असताना ती दादासमोर जाऊन बसली. "का रे?"

दादा खूप वेळ नखं कुरतडत राहिला. "घाबरवायला गेलो होतो गं. तर तो मला म्हणाला, दादा, बसा ना, तुमची बहीण छान काम करते. मला दादा म्हणाला. मला वाटलं, चिडवतोय."

तो रडला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी ती बाईंकडे गेली.

"जा असं मी म्हणणार नाही, जाऊ नको असंही नाही," बाई म्हणाल्या. "जाणार असशील तर दारापर्यंत सोबत येते."

टाचणी चौकीत गेली. पुढे कोर्टातही उभी राहिली. ते मी पाहिलेलं नाही, बाईंकडून ऐकलं. दादाने बहिणीची साक्ष मान खाली घालून ऐकली. त्याला नेत असताना तो आईला म्हणाला, "आई, तिला काही बोलू नकोस."

त्याला म्हणायचं होतं, रागावू नकोस. आईने मात्र ते शब्दशः पाळलं. त्या दिवसापासून ती लेकीशी बोलली नाही.

खालची गल्ली टाचणीला घरभेदी म्हणाली. वरची म्हणाली, शेवटी रक्त त्यांचंच. खिडकीवर दगड आले, मशिनवर काच सांडली. नाटकाचा प्रयोग झालाच नाही. मालकाने हॉलला कुलूप लावलं, आणि त्याला तरी काय दोष द्यायचा? माझी टोकं धरणाऱ्या चौघांपैकी तिघे पुन्हा नाक्यावर उभे असतात म्हणे. त्यांच्या खिशात जे असेल, ते काढून ठेवायला आता दाराबाहेर डबा नाही. तुमच्या वस्तीत एखादी खोली बंद पडून असेल, तर मी तुम्हाला हात जोडतो, तिची किल्ली कुणा अशा बाईच्या हातात द्या. लंबू वाचला नाही, हे मला माहीत आहे. पण त्या हॉलमध्ये तो चार वर्षांत पहिल्यांदा भावासाठी रडला होता, हेही मलाच माहीत आहे.

दोघी वस्ती सोडून निघाल्या, तेव्हा बाईंनी मला टाचणीच्या सामानात घातलं. मायलेकी दुसऱ्या गावी आल्या. एकच खोली. पहिल्याच दिवशी आईने आडवी तार बांधली आणि मला मधोमध टांगलं. एका बाजूला तिचं मशिन, दुसऱ्या बाजूला लेकीची गादी. कडक भाग तिने वर, तारेजवळ घेतला, चुकूनही हात लागू नये म्हणून. जेवणाचं ताट ती माझ्याखालून पलीकडे सरकवते. ताट कधी चुकलं नाही. शब्द एकही नाही. महिन्यातून एकदा तुरुंगात भेटीला जाते, तेव्हा दार ओढून घेते, एवढंच. टाचणी औषधांच्या दुकानात खोकी भरते. तिची जीभ आता कामापुरती चालते.

दीड वर्ष मी असा लटकलो. प्रेक्षक नाहीत, घंटा नाही. दोन्हीकडचे हुंदके मला ऐकू येतात, आणि प्रत्येकीला वाटतं, पलीकडची झोपली आहे.

गेल्या महिन्यात टाचणी इथल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत शाळा सुटलेल्या मुलींचं नाटक बसवू लागली. बाईंना पत्र लिहून विचारत विचारत. काल तिने माझ्याकडे तोंड करून, पण पलीकडे ऐकू जाईल असं म्हटलं, "आई, शनिवारी मुलींचा प्रयोग आहे. पडदा न्यायचाय. रविवारी परत आणून लावते."

मशिन थांबलं. पुन्हा सुरू झालं.

आज दुपारी टाचणी दुकानातून आली, तेव्हा मी तारेवर नव्हतो. आईने मला उतरवून मांडीवर घेतलं होतं. माझी खालची शिवण उसवली होती, ती हाताने घालत होती. तो कडक भाग तिच्या तळहाताखाली होता. तिने हात काढला नाही. खोली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसत होती. गादी, मशिन, आणि दारात चपला काढायच्या राहून गेलेली लेक.

आईने धागा दाताने तोडला. मला घडी घालून पिशवीत भरलं आणि पिशवी टाचणीकडे सरकवली.

"परत नको आणूस," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला. "तिकडेच राहू दे."