काठावरची बादली

समजा, तुमच्यासमोर एक लोखंडी दांडा आहे. तो तुमच्या डोक्यापेक्षा उंच आहे, म्हणून तुम्ही उडी मारून त्याला लटकता आणि सगळं अंग टाकून तो खाली आणता. वर जाताना तो तुम्हालाही थोडं उचलतो. पुन्हा खाली. आतून नुसता कोरडा खडखडाट. पुन्हा खाली. आणि मग एकाएकी दांडा जड होतो. जमिनीच्या पोटातून काहीतरी वर येतंय, हे डोळ्यांच्या आधी तळहातांना कळतं.

गुड्डीला ते असंच कळलं.

"आलं! बाबा, आलं!" ती दांड्याला लटकूनच ओरडली.

हापशीच्या तोंडातून आधी तांबडं, गंजाचं पाणी आलं. मग गढूळ आलं, मग स्वच्छ. चाळीतली माणसं हाताला लागेल ते भांडं घेऊन धावली. होळीपासून ही हापशी बंद होती. सिल्वासाच्या कचेरीत तक्रार दिली होती, मिस्त्री येईल असं उत्तर मिळालं होतं, आणि मिस्त्री काही आला नव्हता. शेवटी गुड्डीचे बाबा वाल्मिक यांनी आपल्या सुताच्या फॅक्टरीतून मोठे पाने मागून आणले आणि सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्यांना हाताशी घेऊन हापशी उघडली. आतली चामड्याची वायसर फाटून गेली होती. त्यांनी नवी बसवली. दुखणं एवढंच होतं.

शेजारच्या खोलीतली म्हातारी झुंबरबाई धारेखाली हात धरून हसत सुटली.

"वाल्मिक, तुझ्या हाताला गुण आहे रे बाप्पा. आता माझा गुडघा पण उघडून बघ. त्यातलं बी चामडं गेलंय."

त्या रात्री नरोलीच्या त्या चाळीत सगळ्यांनी अंघोळी केल्या. धुळ्याकडून, नंदुरबारकडून फॅक्टऱ्यांत कामाला आलेली ही माणसं. पत्र्याच्या खोल्या, मधे अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात सरकारने बसवलेली हापशी. तिच्या पलीकडून एक पायवाट वारल्यांच्या पाड्याकडे जायची.

आठवडाभरात पाणीपुरवठ्याचे ओव्हरसियर सदाशिव परब आपल्या लुनावर आले. ते मूळचे कोकणातले, बोलायला मऊ. त्यांनी लुना लावली, दोनदा हापसून पाहिलं. पाण्याची धार बघून त्यांचा चेहरा क्षणभर खरोखर उजळला. मग त्यांनी रुमालाने हात पुसले आणि विचारलं,

"कुणी उघडली?"

"मी," वाल्मिक पुढे येऊन म्हणाले. त्यांना वाटलं, शाबासकी मिळणार.

"अहो, कशाला उघडलीत?"

"बंद होती म्हणून, साहेब."

"बंद होती हे मला माहीत आहे. पण ही सरकारी वस्तू आहे. परवानगीशिवाय हात लावायचा नसतो. बोअर उघडल्यावर आत औषध टाकावं लागतं, पाणी तपासावं लागतं. उद्या एखादं पोर आजारी पडलं तर विचारणा मला होणार."

"आणि पाण्यावाचून आजारी पडलं, तर कोणाला होणार?"

परबांनी पिशवीतून एक बाटली काढली, तपासणीसाठी पाणी भरून घेतलं. मग एक सुती दोरी काढली. दांडा आणि हापशीचं तोंड त्या दोरीने करकचून बांधलं, गाठीवर काडी पेटवून लाख ओघळवली आणि पितळी शिक्का दाबला. लाखेचा वास अंगणभर पसरला.

"अहवाल आला की मीच येऊन काढतो," ते म्हणाले. "माझ्या हातात असतं तर मी कशाला अडवलं असतं? पण नियम सगळ्यांना सारखा."

लुना फटफटत निघून गेली. चाळीतली माणसं हापशीभोवती उभी राहिली. आत पाणी होतं. मधे फक्त दोरी होती.

"एवढ्या दोरीला भ्यायलात?" झुंबरबाई म्हणाली. "माझ्या परकराची नाडी जाड आहे याच्यापेक्षा!"

हसले सगळे, पण हात कोणीच पुढे केला नाही. चाळीच्या मालकाने संध्याकाळीच सांगून ठेवलं, की मला कचेरीचं लचांड नको, दोरी तुटली तर त्या दिवशी खोल्या खाली करायच्या.

होळीपासून विकत घेतलेलं टँकरचं पाणी आता परवडेना, म्हणून पाण्यासाठी पाड्यावर जायचं ठरलं. पाड्यावर एक जुनी विहीर होती. तिकडची माणसं तिला बाव म्हणायची. पहिल्या दिवशी गुड्डीची माय पुतळाबाई हंडा कमरेवर घेऊन बावेपासून बऱ्याच लांब उभी राहिली, गुड्डी तिच्या पदराआड. कोणाला विचारायचं, हेच कळेना. एक वयस्क बाई दोर ओढत होती. तिचं नाव देवली.

"लांब कनाला उभी?" तिने हाक मारली. "पानी घेवाला आली ना? मग घे."

"कोणाला विचारावं लागतं, बाई?"

देवलीला हसू आलं. "पान्याला विचार," ती म्हणाली आणि दोराचं टोक पुतळाबाईच्या हातात दिलं.

बावेवर कुलूप नव्हतं, पाटी नव्हती, राखणदार नव्हता. एकच रीत होती. पाणी भरून झालं की निघण्याआधी आणखी एक बादली काढायची आणि ती भरलेली काठावर ठेवून जायचं. मागून येणाऱ्याने आधी ती घ्यायची, आपलं भरायचं, आणि जाताना पुन्हा एक भरून ठेवायची. बाव कधी भरल्या बादलीशिवाय राहत नसे.

"ही कोणासाठी?" गुड्डीने विचारलं.

"येल त्याच्यासाठी."

"कोण येईल?"

"ता मला काय ठावं, पोरी? कोणी दमलेला येल, कोणी दोर नसलेला येल. येल तो येल."

गुड्डीला हे काम फार आवडलं. शेवटची बादली ती कोणालाच काढू देत नसे.

इकडे वाल्मिक सिल्वासाच्या फेऱ्या मारत होते. पाळी संपवून, न झोपता, टेम्पोत उभं राहून जायचं आणि बाकावर बसायचं. अहवाल आला नाही. अहवाल आला, पण सही व्हायची आहे. सही करणारे साहेब रजेवर आहेत. साहेब आले, पण तुमचा अर्ज जुन्या नमुन्यावर आहे. एकदा वाल्मिक बाकावरच झोपून गेले आणि कचेरी बंद करणाऱ्या शिपायाने त्यांना हलवून उठवलं.

"साहेब, तुम्ही मिस्त्री पाठवत नाही," दुसऱ्या दिवशी ते परबांच्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "बरं, नका पाठवू. मी तुम्हाला काही मागत नाही. वायसर माझी, हात माझे, तहान माझी. तुम्ही फक्त मधे येऊ नका. एवढं पण सरकारला जमत नाही का?"

परबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "वाल्मिक, मी वर दोनदा लिहिलंय. अजून काय करू सांगा."

"दोरी तोडा."

"ती मी बांधली असली तरी माझी नाही हो."

घरी आल्यावर वाल्मिक भाकरीला हात न लावता भिंतीशी बसले. गुड्डी दिव्याखाली पाटीवर पाढे लिहीत होती.

"माणूस वाईट नाही तो," ते पुतळाबाईला म्हणाले. "तोच तर त्रास आहे. वाईट असता तर भांडलो असतो. पण हातात शिक्का आला ना, की माणसाला समोरचा दिसत नाही. फक्त शिक्का दिसतो."

गुड्डीची पेन्सिल थांबली. तिने बाबांकडे पाहिलं, मग पुन्हा लिहू लागली.

एप्रिल सरता सरता परब आले. पाण्याचा अहवाल चांगला आला होता, पण आधी त्यांनी एक कागद पुढे केला. हापशी आता चाळीच्या ताब्यात, देखभाल चाळीने करायची, पुन्हा बिघडली तर कचेरीकडे यायचं नाही. जबाबदार व्यक्ती म्हणून वाल्मिकनी खाली सही केली. मग परबांनी खिशातून चाकू काढून स्वतःच दोरी कापली.

"साहेब, ती दोरी मला द्या," झुंबरबाई म्हणाली. "नाडीला होईल."

परबसुद्धा हसले. पोरांनी हापशीला झेंडूची माळ घातली. वाल्मिक मात्र दांड्यावरून हात फिरवत राहिले, आपल्या घरातलं कोणी दवाखान्यातून परत आल्यावर फिरवतात तसा.

पण लगेच मे महिना लागला. दुपार झाली की हापशी पाण्याऐवजी वारा सोडायची. मागच्या रस्त्याने जाणारे ट्रकवाले पिंपं भरून न्यायला लागले. रिकामी हापसून पोरांनी दांडा निखळवला, आणि वाल्मिकना पाळी बुडवून तो बसवावा लागला. आता बिघडली तर येणारं कोणी नव्हतं.

"काहीतरी बंदोबस्त करा," शेजारी म्हणाले. "जबाबदारी तुमची आहे."

वाल्मिकनी बंदोबस्त केला. सकाळी ठरलेल्या वेळी हापशी उघडायची. चाळीतल्या प्रत्येक घराला सारखेच हंडे. मग साखळी आणि कुलूप. किल्ली त्यांनी करदोड्याला बांधली. भांडणं थांबली. ट्रकवाले यायचे बंद झाले. झुंबरबाई म्हणाली, "वाल्मिकसाहेब झालास की रे," आणि वाल्मिक लाजून हसले.

अशाच एका सकाळी पाणी भरणं संपत आलं होतं. गुड्डी आपली बादली घेऊन रांगेच्या शेवटी उभी होती, काखेत पाढ्यांची पाटी. पायवाटेवरून देवली आली. डोक्यावर हंडा, मागे तिची सून, सुनेच्या डोक्यावर हंडा. ती हापशीपाशी येऊन थांबली. साखळीकडे पाहिलं, मग वाल्मिककडे.

"बाव आटली रे," ती म्हणाली. "खाली चिखल ऱ्हायला. दोन हंडे घेतो."

वाल्मिकनी करदोड्याशी हात नेला आणि तो तिथेच ठेवला.

"देवलीबाय, पाणी कमी पडतंय आम्हालाच. घरागणिक ठरवून दिलंय. तुम्हाला दिलं, की उद्या आख्खा पाडा येईल. मग मी कोणाला नाही म्हणू? नियम केलाय, तो सगळ्यांना सारखा."

देवलीने मान हलवली. वाद घातला नाही, की मागची आठवण काढली नाही.

"बरा," ती म्हणाली. सुनेला खुणेने वळवलं आणि आल्या वाटेने परत निघाली. रिकाम्या हंड्यावर उन्हाची तिरीप चमकत गेली.

पुतळाबाई दारातून पुढे आली. तिचा आवाज हलका होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"अहो, त्यांच्या बावेचं पाणी प्यालोय आपण."

"मला काय कळत नाही?" वाल्मिक चिडून म्हणाले. "मला काय बरं वाटलं? माझ्या हातात असतं तर मी कशाला अडवलं असतं?"

गुड्डीने त्यांच्या हाताकडे पाहिलं. हातात किल्ली होती.

वाल्मिकनीही खाली पाहिलं. मग ते साखळी उचलायला वाकले, कुलूप शोधू लागले. कुलूप समोरच होतं, तरी त्यांना ते पटकन सापडलं नाही.

"गुड्डी, भर लवकर. लावायचंय."

गुड्डीने दांड्याला लटकून आपली बादली भरली, अगदी काठोकाठ. दोन्ही हातांनी ती उचलली. पण घराकडे वळली नाही. थांबत, टेकत, पायांवर पाणी सांडत तिने ती हापशीच्या ओट्याच्या पलीकडच्या बाजूला नेली, जिथे पाड्याची पायवाट सुरू होते, आणि काठावर ठेवली.

"आपली आजची शेवटची बादली आहे ती," वाल्मिक म्हणाले. साखळी त्यांच्या हातात लोंबत होती. "तिथे कोणासाठी ठेवलीस?"

"येईल त्याच्यासाठी."

एवढं बोलून गुड्डीने काखेतली पाटी काढली. त्यावर काल लिहिलेले पाढे होते. तिने ते फ्रॉकने पुसले, कावळ्यांनी चोच घालू नये म्हणून पाटीने बादली झाकली आणि रिकाम्या हातांनी पायवाटेवर देवलीच्या मागे पळत सुटली.