शिलाईबाईंची पाठ

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या शिलाईबाईंच्या खोलीत एक चमत्कार साजरा होत होता.

अर्ध्या अंगावरून वारं गेल्यापासून शिलाईबाई झाकलेल्या मशीनशेजारी खाटेवर पडून असत. पडून पडून पाठीला झालेल्या जखमा आता भरून आल्या होत्या. चर्चची मंडळी दर आठवड्याला तिथे डोळे मिटून बसत असल्यामुळे श्रेय कोणाचं, हा प्रश्नच नव्हता. आई दिवसातून पाच-सहा वेळा येऊन बाईंची कूस बदलायची, पाठ पुसून कोरडी करायची. पण ते डोळे उघडे ठेवून, म्हणजे हिशेबात न धरण्यासारखं.

चर्चच्या पाळकसाहेबांची आभाराची प्रार्थना लांबत चालली. आईबरोबर आलेल्या मुलीचेही डोळे मिटलेले होते, आणि ओठही. बरीच पुस्तकं वाचून झाल्यापासून तिने देवाला नावाने हाक मारली नव्हती.

"साहेब, आमेन जरा लवकर घ्या," आई मध्येच म्हणाली. "बाई केव्हाच्या उताण्या आहेत."

आत्याने एक डोळा उघडला. "वहिनी, प्रार्थनेत तरी गप्प बसा!"

"गप्पच तर असते, वन्सं. त्याचीच तुमची तक्रार ना?"

तक्रार खरी होती. चारचौघांत उभं राहून आपल्या विश्वासाची साक्ष द्यायची, ही मंडळीची रीत. आईने ती जन्मात दिली नव्हती.

पाळकसाहेब आईकडे पाहून समजुतीने हसले. "बाई, आत्म्याचं तारण विश्वासानं होतं, कर्मांनी नाही."

"अगदी खरं, साहेब. पण यांच्या पाठीला ते कुणी सांगितलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या चादरी पिळता पिळता आई न्हाणीघरात खाली बसली, ती पुन्हा उठली नाही.

दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी आईच्या हातांची तोंडभरून स्तुती केली. विश्वासाचं विचाराल तर, "अंतःकरण प्रभूच जाणे," असं म्हणून त्यांनी स्वतःचे हात झटकले. मग आईला स्वर्गाच्या दारात ताटकळत ठेवून मंडळी चहाला गेली.

या वादातले दोन्ही बाजूंचे पंडित मुलीने वाचले होते, पण त्यातल्या एकानेही आईला पाहिलं नव्हतं. आणि तिला तरी कुठे ठाऊक होतं? आईच्या मनात खरंच काही होतं, की होती नुसती हातांची सवय? विचारायचं राहून गेलं होतं.

इकडे शिलाईबाईंकडे प्रार्थना दुपटीने वाढल्या. आत्याने तर उपास धरला. एवढ्या विश्वासाने पाठ सुधारायला हवी होती. पण पाठच ती अडाणी, पुन्हा फुटली.

"परीक्षा आहे," पाळकसाहेब म्हणाले. कोणाची, ते सांगितलं नाही.

एका दुपारी मुलगी त्या वाळलेल्या चादरी परत द्यायला गेली. खाटेभोवती मंडळी डोळे मिटून बसली होती. शिलाईबाईंचे तेवढे उघडे होते.

"बरी आलीस," त्या कुजबुजल्या. "कूस बदल गं माझी."

"मला नाही जमायचं, मावशी."

"तुझ्या आईलाही आधी जमत नव्हतं. ती म्हणायची तसं म्हण, म्हणजे जमेल."

"काय म्हणायची?"

"'चल प्रभू, इकडे वळ.' दर वेळी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चिडलेच. म्हटलं, पडलेल्या माणसाची थट्टा करतेस? तर म्हणाली, 'थट्टा कसली? तो दुखणाइतात भेटतो म्हणतात. मला तर इथेच भेटतो, मग त्याच्याशीच बोलते.'" बाईंना हसू आलं. "एकदा तर दम लागल्यावर म्हणाली, 'प्रभू, फार जड झालास रे!'"

मुलीने हातातल्या एका चादरीची लांब घडी केली. पाळकसाहेब या घराला विश्वास दे, म्हणून डोळे मिटून विनवत होते.

तिने चादरीची घडी बाईंच्या पाठीखाली सरकवली आणि पलीकडचं टोक आत्याच्या जोडलेल्या हातांत कोंबलं.

आत्या दचकली. "अगं, प्रार्थना चाललीय!"

"हो. धर घट्ट," मुलगी म्हणाली. तिने आपलं टोक मुठीत आवळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चल प्रभू, इकडे वळ."