जिन्यावरची माणिक

माणिक गेली त्याला दीड वर्ष झालं होतं. विषमज्वरानं एकोणिसाव्या वर्षी लेक गेली आणि बोरीवलीचा तो दुमजली बंगला श्यामकांतांना खायला उठला. तो विकून दादरला दोन खोल्यांत राहावं, असं त्यांच्या मनात होतं. पण विषय निघाला की त्यांची बायको रुक्मिणीबाई उठून आत जायच्या.

अशात एक सिनेमा कंपनी आली. भुताच्या सिनेमासाठी त्यांना जुनं, ऐसपैस घर हवं होतं. चार माणसं घरात वावरली तर हिचं मन जरा रमेल, म्हणून श्यामकांत हो म्हणाले.

कंपनीच्या माणसांनी खिडक्यांना काळं कापड लावून भरदुपारी रात्र केली. रुक्मिणीबाई रोज पुसायच्या त्या कठड्यावर खोटी जळमटं चढवली, राख उधळली. भुताचं काम करणारी रत्नप्रभा गिरगावातली, जेमतेम विशीची. तिसऱ्या दिवशी दिव्याला लागून तिची पांढरी साडी करपली. आता दुपार फुकट जाणार म्हणून दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला. तेव्हा रुक्मिणीबाईंनी ट्रंकेतली साडी आणून दिली. पांढरी, बारीक निळ्या काठाची. माणिक कॉलेजात नेसून जायची ती.

श्यामकांतांनी पाहिलं, पण अडवलं नाही.

केस मोकळे सोडून, हातात कंदील घेऊन रत्नप्रभा जिना उतरू लागली. सगळे चिडीचूप. इतक्यात रुक्मिणीबाई म्हणाल्या, "हळू गं, माणिक. पदर पायात येतोय."

शॉट वाया गेला. कुणी रागावलं नाही. रत्नप्रभा तिथंच पायरीवर बसली. जरा वेळानं म्हणाली, "काकू, परत उतरू का?"

"उतर."

त्या दुपारी ती सहा वेळा उतरली. कॅमेरा एकदाच चालू होता.

पुढच्या वर्षी सिनेमा लागला. दोघं दुपारच्या खेळाला गेली. जिन्यावर ती दिसताच थिएटरात किंकाळ्या उठल्या. पुढच्या बाईनं पदराआड तोंड लपवलं. रुक्मिणीबाईंनी वाकून तिच्या खांद्याला हात लावला. "अहो, भिऊ नका. ती कुणाला काही करायची नाही." ती बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. श्यामकांतांनी बायकोला हाताला धरून बाहेर आणलं.

त्यानंतर घराला 'भुताचा बंगला' हेच नाव पडलं. दूधवाला फाटकाच्या आत येईना. घाटकोपरच्या एका गृहस्थांनी घर घ्यायचा शब्द दिला होता, तोही त्यांनी मागे घेतला. घरातल्या बायका ऐकत नाहीत म्हणाले.

श्यामकांतांनी हे जेवताना सांगितलं. रुक्मिणीबाई भात वाढत होत्या.

"बरं झालं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिला एकटीला टाकून कुठं निघाला होतात तुम्ही?"

श्यामकांतांचा घास हातातच राहिला. स्मशानातसुद्धा ते रडले नव्हते. आता मात्र त्यांना हुंदका आवरेना. रुक्मिणीबाईंनी त्यांचं ताट बाजूला सरकवलं आणि त्या त्यांच्याशेजारी जमिनीवर बसून राहिल्या.