अंगदरावांचे कान पास झाले

“मागं बघायचं नाही हं, काका. मी आकडा म्हणेन, तोच तुम्ही म्हणायचा,” असं समोर सांगून नर्सबाई अंगदरावांच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

समोरच्या रांगेत रामेश्वर होता. त्यानं नर्सबाईंच्या ओठांकडे बघत मांडीजवळ हळूच चार बोटं उघडली.

“चार,” अंगदराव म्हणाले.

मग सात, मग दोन. एकही चुकला नाही. माजलगावजवळच्या त्या साखर कारखान्यात उसाच्या मिलवर दोघांची सव्वीस वर्षं गेली होती. तिथल्या खडखडाटात सगळा कारभार बोटांनीच. त्यामुळे अंगदरावांना ऐकू येत नाही, हे रामेश्वरशिवाय कोणाला कळलंच नव्हतं.

ही तपासणी म्हणजे माणसं कमी करायचा डाव, अशी मिलवर सगळ्यांची खात्री. मॅनेजर अमरसिंह साहेब सभेत सरळ बोलले होते, “आजारी माणूस खाडे करतो, गाळप अडतं. तुमची तब्येत सांभाळणं कारखान्याला परवडतं. उपकार नाही करत.” इतकं खरं बोलणाऱ्यावर तरी विश्वास ठेवायचा! पण नाही.

रामेश्वरच्या पाळीला समोर अंगदराव बसले. पण नर्सबाईंनी आता तोंडापुढं कागद धरला होता. त्यांना स्वतःलाच ऐकू येईना, ओठही दिसेनात, ते कसली बोटं दाखवणार? रामेश्वर नापास झाला.

महिन्यानं नापास झालेल्यांना कानाची यंत्रं मिळाली आणि गेटवर काम, पगार तोच. अंगदरावांना ‘उत्तम’ शेऱ्याचा कागद मिळाला.

ते ऑफिसात, तपासणीचं काम बघणाऱ्या प्रियदर्शनी मॅडमकडे गेले. “म्याडम, म्या लबाडी केली. मला न्हाई ऐकू येत.”

मॅडमनी कागदावर लिहून दाखवलं : यंत्रं संपली, पुढच्या वर्षी बघू. अंगदराव तर या हंगामानंतर निवृत्त होणार होते.

बायको वारल्यापासून घरात ते एकटेच. मुलगी चाकणला. नात संस्कृती आता बोलायला लागली होती. फोन आला की अंगदराव नुसते “हाव, हाव” म्हणत. बापाला आपल्याशी बोलायचंच नसतं, असं मुलीला वाटू लागलं. रोजचा फोन आठवड्यावर गेला. कानापेक्षा हे फार लागायचं.

त्या शनिवारी पाळी सुटली आणि गेटवरच मुलीचा फोन आला. रामेश्वरनं कानातलं यंत्र काढून पुढं केलं. ओठांवरून अंगदरावांना कळलं, “घाल बे.”

“तुजं हाय ते.”

त्यानं ते त्यांच्या कानात बसवलंच.

“आबा, जेवला का?”

बारीक, बोबडा आवाज. अंगदरावांचे डोळे भरून आले. “जेवलो गं माय,” ते म्हणाले. सकाळपासून नुसत्या चहावर होते.

ती मांजरीची पिल्लं सांगू लागली. एक काळं, एक पांढरं, एक आबासारखं. तेवढ्यात गेटवर उसाचा ट्रॅक्टर येऊन थांबला. ड्रायव्हर रामेश्वरला काहीतरी विचारत होता, आणि रामेश्वर त्याच्या तोंडाकडे बघत नुसता उभा होता.

अंगदरावांनी यंत्र काढलं, गमज्याच्या टोकानं नीट पुसलं आणि रामेश्वरच्या हातावर ठेवलं. फोनवर संस्कृती अजून बोलतच होती.