पांझरेकाठची अर्धी ओळ

या, असे जवळ सरकून बसा. बुवा अजून वाटेतच आहेत, कीर्तन उभं राहायला अवकाश आहे. तोवर एक गोष्ट ऐका. एका ओळीची आहे, तीही अर्ध्या.

नाटकाच्या तालमीत हिलालनानांनी पंडितच्या हातातली लाकडी बंदूक काढून घेतली.

“असं नाही रे भाऊ. गोळी लागल्यावर माणूस छातीवर हात ठेवून गिरकी घेत नाही. खाली बसतो. दमल्यासारखा.”

“नाना, मी बँकेतला कारकून. आम्हाला मरायची सवय नाही.”

“अन् तुझ्या खिडकीसमोर पेन्शनवाले बसतात, ते कधी पाहिले नाहीस?”

तालमीतली मंडळी हसली. नाना मात्र हसले नाहीत. बंदूक मांडीवर घेऊन ते रंगमंचाच्या फळ्यांवर हळूच बसले आणि मान बाजूला कलली. हसू आपोआप विरलं.

शहाऐंशी सालचा डिसेंबर. जळगावात नाट्यस्पर्धा होती आणि तालीम घेणाऱ्या गिरधर सरांनी स्वतः नाटक लिहिलं होतं. आयर्लंडचा एक गरीब कवी परक्या राजाची वर्दी चढवून लढाईवर जातो. खंदकात गुडघाभर चिखलात उभा राहून गावाकडच्या ओढ्यावर कविता रचतो आणि शेवटची ओळ अर्धी टाकून मरतो. मग काही नाही, नुसती शांतता. मनात शंभर मोजायचे, आणि पडदा.

पडद्याची दोरी नानांकडे. फौजेतून आल्यापासून नाट्यगृहामागच्या खोलीत ते एकटेच राहत. शनिवारी मारुतीच्या देवळात कीर्तन असलं की मागच्या खांबाशी टाळ घेऊन उभे. टाळकऱ्यांचा नेम तुम्हाला ठाऊकच आहे: बुवांनी अर्ध्यावर सोडलेली ओळ मागच्यांनी झेलायची, भुईला पडू द्यायची नाही. नानांचा टाळ कधी चुकला नाही, पण तोंड मिटलेलंच.

“गात का नाही हो नाना?” चहा पिताना सरांनी एकदा विचारलं.

नानांनी बशीत चहा ओतला.

“आमच्या गावचा चिंधा. धुळ्याकडचा, पांझरा नदीच्या काठचा. दोघं एका पलटणीत, एकाहत्तरला एकाच खड्ड्यात. तो ओळी जुळवायचा, मी झेलायचो. एका पहाटे त्याला गोळी लागली. शत्रू हाकेवर. हुकूम होता, तोंडातून आवाज निघता कामा नये. त्यानं ओठातल्या ओठात अर्धी ओळ म्हटली अन् माझ्याकडं पाहिलं.”

“मग?”

“मी हुकूम पाळला.”

चहा बशीतच राहिला. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि सर उठून गेले.

प्रयोगाच्या दिवशी पुढच्या रांगेत तीन परीक्षक. पंडित त्या संध्याकाळी फार चांगला मेला. हात छातीवर नेला नाही, गिरकी घेतली नाही. खाली बसला, दमल्यासारखा. विंगेत दोरी धरून उभ्या नानांकडे त्याची मान कलली.

“ओढ्याकाठी माझ्या गावी...” एवढंच तो म्हणाला, आणि थांबला.

विंगेच्या दुसऱ्या टोकाला सर बोटांवर आकडे मोजू लागले. नाट्यगृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. सर वीसवर आले असतील, तोच काळोखातून सूर उठला. म्हातारा, गंजलेला, पण कीर्तनाच्या पट्टीतला, उंच. शब्द गावाकडच्या अहिराणीतले.

“पांझराना काठवर उभी मनी माय...”

एकदा. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा आवाज फाटला. कुणीही साथ दिली नाही. पडद्याची दोरी नानांच्या हातून केव्हाच सुटली होती. शेवटी सरांनी धावत येऊन ती ओढली.

“नाना, काय केलंत हे!” सर म्हणाले. “ती ओळ आपल्या नाटकातली नाही. तिथं शांतता होती. सगळं नाटक त्या शांततेसाठी होतं!”

नाना जमिनीकडे पाहत होते. बोलले ते गावच्या बोलीत.

“पंधरा वरीस तीच शांतता ऐकी ऱ्हायनू, सर.”

सरांनी हातातली दोरी सोडली. तोंडावरच्या रंगाचा चिखल न पुसता पंडित जवळ आला आणि नानांसमोर उकिडवा बसला.

“पुढं काय आहे, नाना? माय काठावर उभी, मग?”

“ठाऊक नाही, भाऊ. चिंध्यानं तेवढंच सांगितलं.”

नाटकाला नंबर मिळाला नाही. नाना आता नाहीत. तो आयर्लंडचा कवी तर सरांच्या मनातला. पण पांझरेकाठचा चिंधा होता. आता बुवा उभे राहतील, ओळ अर्ध्यावर सोडतील. ती झेलताना घटकाभर त्याची आठवण ठेवा, एवढंच मागणं.