माणसं किती, खोल्या किती

बाईंनी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर पालिकेनं घरोघर पाहणीचं काम दिलं, तेव्हा त्यांनी हट्टानं आपलीच गल्ली मागून घेतली. ओळखीची माणसं, तोंडावर दार कोण लावणार?

पहिल्याच घराशी हा भ्रम फिटला. कंपाउंडरांच्या बैठ्या घराच्या जागी आता तीन मजले होते. बेल दाबताच भिंतीतून आवाज आला, "काय विकायचंय?"

"विकायचं काही नाही. पाहणी आहे. घरात माणसं किती, उत्पन्न किती..."

"उत्पन्न? तुम्हाला का सांगू? तुम्ही कोण?"

"मी समोर राहते. एकेचाळीस वर्षं झाली."

भिंतीचा आवाज जरा नरमला. "सॉरी हं, कधी पाहिलं नाही तुम्हाला."

'माहिती दिली नाही,' बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं.

दुपारपर्यंत त्यांना गल्लीचा नवा नकाशा कळला. काही घरांत दोघंच राहत, दोघंही भरपूर कमावत आणि घरात थांबायला दोघांनाही सवड नसे. उरलेल्या घरांत प्लायवूडच्या भिंती घालून खोलीखोलीला भाडेकरू ठेवलेले. मधले सगळे, म्हणजे कारकून, मास्तर, ड्रायव्हर, चाळणीतून पीठ गळावं तसे कधीच निघून गेले होते.

शिंप्याच्या जुन्या घरात एका खोलीत चार नर्स राहत होत्या. त्यांनी बाईंना आत बोलावलं, खाटेवरचे कपडे सारून बसवलं, चहा दिला.

"कुटुंबप्रमुख कोण?" बाईंनी विचारलं.

चौघी खदखदून हसल्या. "जिची सुट्टी असेल ती! आज मी," सगळ्यांत बुटकी म्हणाली. बाकीच्या तिला पिटुकली म्हणत. तिनं पगार बेधडक सांगितला, आणि न विचारता भाडंही. "अर्धा पगार यातच जातो. मालकानं परत वाढवलंय, मला नाही झेपत आता. पण हॉस्पिटल इथून चालत दहा मिनिटं. बाई, तुमच्या बघण्यात आहे का एखादी खोली?"

शब्द अगदी ओठांवर आले होते. पण बाई म्हणाल्या, "बघते हं."

संध्याकाळी त्यांनी स्वतःचा फॉर्म भरला. माणसं एक, खोल्या पाच. मग दूरच्या शहरातल्या मुलाला फोन लावला.

"आई, भाडेकरू म्हणजे गळ्यात धोंडा. घर विकताना अडचण होते. मी आलो की ठरवू."

"कधी येतोस?"

"बघतो."

हा शब्द आपण दुपारीच कुणालातरी दिला होता, हे बाईंना आठवलं.

पुढचे आठ दिवस त्या दुसऱ्या गल्ल्या फिरत होत्या. घरी आल्यावर मुलाची मागची खोली आवरायच्या. गादीला ऊन दिलं, कपाटाचे दोन कप्पे रिकामे केले. हे कशासाठी चाललंय, ते त्यांनी स्वतःलाही स्पष्ट सांगितलं नाही. नवव्या दिवशी त्या शिंप्याच्या घरी गेल्या. हातात फॉर्म होताच. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातली गत.

दार दुसरीनं उघडलं. "पिटुकली? ती परवाच गेली की! लांब गेली, दोन बस बदलून येते बिचारी. पण भाडं निम्मं. का हो, फॉर्ममध्ये काही राहिलं का?"

"हो," बाई म्हणाल्या. "चाराचे तीन करायचे होते."

त्यांनी उंबऱ्यातच आकडा खोडून नवा लिहिला. पायऱ्या उतरल्या, पुन्हा वर आल्या. "माझ्याकडे खोली आहे. तिला सांगशील?"

"अगंबाई! आधी बोलायचं ना. तिनं तर वर्षभराचा करार केलाय. पण सांगते मी. दुसरं कुणी असलं तरी सांगते."

बाईंनी तिला आपला नंबर लिहून दिला. घरी येऊन मुलाला फोन केला.

"मागची खोली मी भाड्यानं देतेय."

"कुणाला?" तो एकदम चमकला.

"अजून कुणाला नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यानं काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला.