बांधाकडचा मांडव

दामिनीनं भाजीपाल्यासाठी बांधाकडचा कोपरा मागितला, तेव्हा घरात सगळ्यांनाच नवल वाटलं. विहिरीजवळची माती काळी, भुसभुशीत. बांधाकडे नुसता मुरूम. शिवाय तिथवर जायचं म्हणजे कुबड्यांवर सगळं शेत ओलांडायचं. उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला, डाव्या हाताची दोन बोटं करपून आत वळलेली. ती तिथं काय पिकवणार होती?

"तिथी काऊन?" तिचा नवरा सुरेंद्र म्हणाला. "विहिरीपाशी कर ना. पाणी तरी जवळ राहीन."

"तिथी ऊन चांगलं लागते," दामिनी म्हणाली.

सुरेंद्र तलावावर मासे धरायचा, उरलेल्या वेळात धानाचं पाहायचा. त्यानं फार विचारलं नाही. बाई कशात तरी गुंतली म्हणजे झालं, असा त्याचा हिशेब. पण दामिनीला ऊन नको होतं. बांधाच्या पलीकडे तिच्या मोठ्या दिराचं, मुखरूचं, शेत होतं. तिला मुखरू रोज नजरेसमोर हवा होता.

चामोर्शीच्या आतल्या भागात धान पोटरीवर आलं की रानडुकरं उतरतात. मुखरू शेताभोवती उघडी तार ओढायचा आणि वरून गेलेल्या विजेच्या लाइनीवर आकडा टाकायचा. दिवस बुडताना तार लावायची, उजाडायच्या आत काढून घ्यायची. गावात पुष्कळांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं. मेलेल्या डुकराचा वाटा ज्याच्या त्याच्या घरी जात होता.

मागच्या कापणीच्या आधी एका सकाळी मुखरूला जाग आली नाही. दामिनी गाईसाठी गवत कापायला बांधावर गेली आणि तारेनं तिला धरलं. धरून फेकलं. ती चिखलात पडली तेव्हा तोंडातून आवाज निघत नव्हता, पण डोळे उघडे होते आणि सगळं दिसत होतं. मुखरू धावत आला. त्यानं आधी आकडा काढला. मग तिच्याकडे पाहिलं. ती जिवंत आहे हे त्याला कळलं, कारण तिच्या नजरेला त्याची नजर भिडली. मग त्यानं तार गुंडाळायला घेतली. हात आणि कोपर यांच्यामध्ये वेढे घालत, गुंता होऊ न देता, सगळ्या बांधाची तार त्यानं नीट गुंडाळली, ती नेऊन झुडपात टाकली, आणि मग आरोळी ठोकली, "धावा रे! दामिनीले काय झालं पाहा!"

चंद्रपूरच्या दवाखान्यात पाय कापल्यावर सुरेंद्र तिच्या उशाशी बसला. "पोलीस विचारतीन," तो हळूच म्हणाला. "विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरले ओला हात लागला म्हणून सांग. माया सख्खा भाऊ हाय तो. काय करतं मंग?"

तिनं तसं सांगितलं. अंगात ताप होता, औषधाची गुंगी होती, आणि नवरा पहिल्यांदाच तिच्यापुढे हात जोडून बसला होता.

घरी आल्यावर तिच्या कानावर आलं की मुखरू पानठेल्यावर बसून म्हणतो, "किती डाव सांगतलं, ओल्या हातानं मोटार नोको चालू करू. पण बाईमाणूस आयकते का?" लोकही हळहळून माना डोलावत होते. त्याच दिवशी दामिनीनं बांधाकडचा कोपरा मागितला.

सुरुवातीला तिथं काहीच धड आलं नाही. मुरमात कुदळ मारणं तिला शक्य नव्हतं, म्हणून तिनं जमिनीचा नादच सोडला. खताची रिकामी पोती आणून त्यात तलावाचा गाळ आणि शेणखत भरून घेतलं, आणि ती पोती लाकडी ओंडक्यांवर अशा उंचीला मांडली की पाटावर बसल्या बसल्या हात पुरावा. दोन रांगांच्या मधे पाट सरकेल एवढीच वाट ठेवली. डाव्या हातात खुरपी टिकत नव्हती, तर सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तिनं खुरपीची मूठ मनगटालाच बांधली. सलाइनच्या रिकाम्या बाटल्या उलट्या टांगून त्यांतून थेंब थेंब पाणी सोडलं. वांगी लागली, भेदरं म्हणजे टमाटे लागले, सांबार, म्हणजे कोथिंबीर, हिरवागार झाला. बाया पाहायला यायच्या. "बाई, पाय असून आमाले जमत नाई," म्हणायच्या. दामिनी हसायची आणि त्यांच्या पदरात मूठभर सांबार टाकायची.

पण तिचा जीव होता मांडवात. अगदी बांधाला लागून तिनं बांबूचा मांडव घालून घेतला होता आणि त्यावर दोडके, वाल चढवले होते. वेल वर सोडायला तिच्याकडे दुबेळक्याचा, टोकाला दोन फाटे असलेला लांब बांबू होता. एका पायावर उभं राहून, खांबाला पाठ टेकवून ती तो बांबू उचलायची. सुरुवातीला खांदे भरून यायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. पुढे पुढे तिचे दंड गड्यासारखे झाले. बांधाकडच्या बाजूनं तिनं वेल मुद्दाम खाली लोंबू दिले. पानांची भिंतच झाली. बाहेरून आत काही दिसत नसे. आतून मुखरूचं शेत टोकापर्यंत दिसायचं.

धान पोटरीवर आलं आणि मुखरूनं पुन्हा तार बाहेर काढली.

दामिनीनं ते पाहिलं तेव्हा तिला राग नाही आला, आनंद झाला. एका बाईचा पाय गेल्यावरही हा माणूस थांबला नव्हता. सुरेंद्रला तिनं तलावावर पलीकडच्या वाटेनं जायला लावलं. "बांधावर साप निघाला," म्हणाली. बाकी कोणाला काही बोलली नाही.

एका संध्याकाळी मुखरू तार ओढून झाल्यावर तारेला जोडलेल्या आकड्याचा बांबू तिच्या मांडवाच्या खांबाला टेकवून गेला. विजेची लाइन त्या ठिकाणी झोळ पडून खाली आलेली होती. थोडं पुढे तार एका खुंटीला अडकून तुटली होती. तो तिच्याकडे पाठ करून उकिडवा बसला आणि उघड्या हातांनी तारेची टोकं पिळू लागला.

दामिनी वेलांच्या आत उभी होती. तिनं पानांतून हात घातला आणि तो बांबू धरला. तिच्या दुबेळक्यापेक्षा जड नव्हता. तिनं तो उचलला, खांबाला पाठ टेकवली आणि वर नेला. आकडा लाइनीच्या वीतभर खाली आला आणि थरथरू लागला. मुखरू काहीतरी पुटपुटत तार पिळत होता. त्याची मान घामानं ओली झालेली तिला दिसत होती. वीतभर. बस, वीतभर.

मग तिला त्याचं तेरावं दिसलं. मांडव, पंगत, हार घातलेला फोटो. बिचारा मुखरू, पिकापायी गेला, असं म्हणणारी तीच पानठेल्यावरची तोंडं. आणि आयुष्यभर तिच्या एकटीच्या डोळ्यांत राहिलेला तो दुसरा मुखरू, कोपराला तारेचे वेढे घालणारा. मेल्यावर त्याला कोण ओळखणार होतं? नाही. याला जगायला पाहिजे. लोकांनी याच्याकडे पाहायला पाहिजे, आणि लोक पाहतात हे याला रोज कळायला पाहिजे.

तिनं बांबू होता तसा टेकवून ठेवला. कमरेचा फोन काढला आणि पानांतून धरला. मुखरू उठून आला, त्यानं बांबू उचलून आकडा लाइनीवर टाकला. मधे फक्त पानं होती. फोनमध्ये व्हिडिओ चालू होता.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक प्रफुल मोटरसायकलवरून जात होता. तो नेहमी तिच्याकडून दोडके नेई. तिनं त्याला मांडवात बोलावून फोन दाखवला.

"वहिनी, हे कामाचं हाय. पण तार लागली असतानाच धरलं पाह्यजे. आजच धरू, कोणाचा जीव जाईन नाई त. तुमी नाव देसान?"

"देईन."

"घरचाच माणूस हाय तो."

"म्हणूनच देऊन राह्यली."

त्या संध्याकाळी मुखरूनं आकडा टाकला आणि मागे वळला, तर बांधावर वनखात्याची माणसं आणि लाइनमन उभे. त्याच्या गोठ्यात रानडुकराचं कातडं निघालं. गाव गोळा झालं. मुखरू सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहत ओरडला, "कोणं सांगतलं? कोण हाय तो, समोर ये म्हणा!"

दामिनीनं वेल बाजूला केले आणि पाट सरकवत बाहेर आली.

"मी सांगतलं, भाऊजी."

तो तिच्याकडे पाहत राहिला. त्या सकाळी चिखलात पाहिलं होतं तसंच. या वेळी नजर आधी त्याची खाली गेली.

सकाळी जाऊ नीलाबाई आली. दामिनीच्या एका पायावर तिनं डोकं ठेवलं. "बाई, चुकून दिसलं म्हण. ओळखू आलं नाई म्हण. माया घराकडे पाहा वं." मागे सुरेंद्र उभा होता. "दामिनी, आयक," एवढंच तो म्हणाला.

"तवा तुमी जे सांगतलं थे बोलली," दामिनी म्हणाली. "आता मी पाह्यलं थे बोलते." तिनं पाय ओढून घेतला. नीलाबाईचं वाईट वाटलं तिला, पण तेवढं सोसायची तयारी तिनं केव्हाच करून ठेवली होती.

घरी येऊन घेतलेल्या बयानात तिनं रानडुकराचं सांगितलं आणि मग थांबली नाही. स्टार्टरचं खोटं होतं, तेही सांगितलं. झुडपात टाकलेल्या तारेचं सांगितलं. दारात गर्दी होती. तार गुंडाळल्याचं ऐकल्यावर म्हातारा झिंगू, जो पानठेल्यावर मुखरूच्या शेजारी बसायचा, तो उठून अंगणात जाऊन थुंकला.

मुखरू तुरुंगात गेला, पुढे जामिनावर सुटून आला. केस चालू आहे. पानठेल्यावर तो गेला तर बाकड्यावरची माणसं एकेक करून कामं आठवून उठतात. त्याच्या धानाच्या कापणीला गावातल्या बाया गेल्या नाहीत. त्याला लांबून मजूर आणावे लागले. दामिनी मांडवातून पाहत होती. तिला वाटलं होतं, आता आत काहीतरी थंड होईल. फारसं झालं नाही. पण बरं वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

सुरेंद्र पुष्कळ दिवस भावाकडे जेवत होता. मग एका दुपारी मांडवाशी आला आणि उभाच राहिला. दामिनी वालाच्या शेंगा तोडत होती.

"त्या दिवशी," तो खाली पाहून म्हणाला, "लई दुखलं काय?"

तिचा हात थांबला. इतक्या दिवसांत हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

"बसा," ती म्हणाली.

तो मुरमावर बसला. तिनं टोपली बाजूला ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. गवताच्या पेंडीपासून. तार पायाला कशी चिकटली, स्वतःच्याच मांसाचा वास कसा आला, त्याचा भाऊ वेढे घालत असताना ती देवाचं नव्हे, सुरेंद्रचं नाव मनात घेत होती. पाय कापायच्या आधी डॉक्टरनं काय दाखवलं. त्यानं हात जोडले तेव्हा तिला काय वाटलं. काहीच तिनं गाळलं नाही, काही मऊ केलं नाही.

मधेच सुरेंद्रनं तोंड झाकलं आणि उठायला गेला. "पुरे," म्हणाला. "पुरे वं."

"बसा," दामिनी म्हणाली. "अजून दवाखान्यातलं राह्यलं."

तो बसला.